बोडक्या खडकाखालचे आवाज

१

वाघोलीच्या कॉलेजात शिकवून मेहजबीन इनामदार अडीचच्या सुमाराला घरी यायची. चप्पल काढायची, अब्बांना "जेवलात का?" विचारायची, ते पेपरातून मान न काढता "हो" म्हणायचे, आणि मग मागच्या खोलीचं दार लावून ती समुद्र ऐकायला बसायची.

दोन वर्षं हेच चाललं होतं. येरवड्यातल्या तिसऱ्या मजल्यावरच्या त्या खोलीत एक टेबल, एक लॅपटॉप, कान पुरते झाकणारे हेडफोन आणि एक वही. समुद्र होता तिथून पार मालवणच्या दक्षिणेला. तिथं किनाऱ्यापासून बोटीनं तासाभरावर बोडका खडक आहे. वरून नावाप्रमाणेच बोडका, गवताची काडी नाही. खाली मात्र प्रवाळांचं रान. नारायण पेठेतल्या ज्या छोट्या संस्थेसाठी ती हे काम करायची, तिनं बारा मीटर खोलीवर आवाज टिपणारं एक यंत्र बसवलं होतं. आठवड्यातून एकदा दुपारी तीन वाजता ते जागं व्हायचं, तासभर ऐकायचं आणि पुन्हा झोपी जायचं.

जिवंत प्रवाळ कधी गप्प नसतो, असं सांगितलं की लोक हसायचे. पण ते खरं होतं. फोडणीत मोहरी तडतडावी तसा आवाज तिथं अखंड चालू असतो. बोटभर लांबीच्या कोळंब्या चुटकी वाजवावी तशी नांगी मिटतात, त्याचा तो आवाज. मधूनच एखादा गोबरा मासा पोटातून ढब्ब करतो. पोपटमासे खडक खरवडतात, ते कडक टोस्ट चावल्यासारखं वाटतं. पहिल्या वर्षाच्या फायली मेहजबीन कधीकधी वही मिटून नुसत्याच ऐकायची.

मग बोटी आल्या. आधी दोन होत्या, एका हंगामात अकरा झाल्या. नांगर सरळ प्रवाळांवर पडू लागले. माशांनी भोवती गोळा व्हावं म्हणून माणसं पाव कुस्करून टाकायची, फोटोसाठी प्रवाळांवर उभी राहायची आणि जाताना आठवण म्हणून एखादी फांदी मोडून खिशात घालायची. वहीतले तडतडाटाचे आकडे महिन्यामहिन्यानं उतरत गेले. आता एका कंपनीला तिथं तरंगता मंच बांधून रोज चारशे माणसं, डोक्यावर काचेचं शिरस्त्राण घालून, थेट तळावर चालवायची होती. शुक्रवारी समितीपुढे सुनावणी होती. मेहजबीनला बोलायला वीस मिनिटं मिळणार होती. दोन वर्षांच्या ऐकण्यासाठी वीस मिनिटं.

सोमवारी ती फेब्रुवारीतली एक फाइल ऐकत होती. फाइलीत तीन वाजून चाळीस मिनिटं झाली आणि तडतड थांबली. कमी झाली नाही, थांबली. वर्गात मुख्याध्यापक शिरल्यावर मुली गप्प होतात तशी.

आणि कुकरची शिट्टी झाली.

मेहजबीननं वैतागून हेडफोन काढले आणि स्वयंपाकघरात गेली. गॅस बंद होता. कुकर पालथा घालून ठेवलेला होता, कोरडा.

"अब्बा, कुकर लावला होता?"

"मी?" रहीमभाईंनी चष्म्यावरून पाहिलं. नारायण पेठेत चाळीस वर्षं पुस्तकांची बांधणी केलेला माणूस. चहापलीकडे त्यांनी कधी गॅस पेटवला नव्हता. "कान तपासून घे, बेटा. माझे गेले ते गेलेच, तुझे तरी राहू देत."

ती खोलीत परतली. फाइल मागे घेऊन पुन्हा लावली. शिट्टी तिथंच होती. मग दुसरी. मग तिसरी.

२

त्यानंतर फरशीवर खुर्ची सरकल्याचा आवाज होता. मग कोणीतरी दोनदा खोकलं आणि म्हणालं, "या अल्ला."

हा खोकला ती जन्मापासून ओळखत होती.

घाबरण्याआधी तिला राग आला. सुनावणी चार दिवसांवर, आणि कुठल्यातरी तांत्रिक गाढवपणानं फाइल बिघडवलेली. लॅपटॉपचा माइक कधीतरी चालू राहिला असणार, घरातला आवाज फाइलीत मिसळला असणार. तिनं माइकवर चिकटपट्टी लावली आणि मालवणला शुभंकरला फोन केला. यंत्र खाली बसवणं, वर काढणं हे काम तो करायचा. चांगला पाणबुड्या होता आणि अघळपघळ बोलणारा होता.

"मॅडम, बोटवाले हल्ली बोटीवर चिकनसुद्धा शिजवतात. त्यांचाच कुकर असेल."

"पाण्याखालून ऐकलेला आवाज असा नसतो शुभंकर. हा कोरडा आहे. खोलीतला आहे. भिंतींवरून परत येतोय."

"मग तुमच्याकडचाच घोळ. यंत्रातलं कार्ड मी स्वतः सीलबंद करून पाठवलंय." तो थांबला. "मॅडम, एक सांगू? एप्रिलमध्ये यंत्र काढायला उतरलो ना, तेव्हा खाली सगळं पांढरं पडलेलं. एक मासा नाही. आणि मला सारखं वाटत होतं की आपण बघायला आलेलो नाही, आपल्यालाच..."

"आपल्यालाच काय?"

"जाऊ दे. यंदा मी तिथं उतरणार नाही, एवढं लिहून ठेवा."

"अरे पण अर्धवट काय सोडतोस?"

फोन कट झाला होता. मालवणला रेंज असते तेव्हा माणसं नसतात, माणसं असतात तेव्हा रेंज नसते. मेहजबीननं फोन टेबलावर आपटला.

३

मंगळवारी ती संस्थेत गेली. एका भांड्यांच्या दुकानावरच्या दोन खोल्या म्हणजे संस्था, आणि दिगंबर साठे म्हणजे संस्थेचे संचालक. मूळ कार्डं त्यांच्या लोखंडी कपाटात असायची. फेब्रुवारीचं कार्ड काढून त्यांनी स्वतःच्या संगणकाला लावलं, तीन चाळीसपर्यंत पुढे नेलं आणि हात बांधून ऐकलं. तिन्ही शिट्ट्या ऐकल्या. खुर्ची ऐकली. खोकला ऐकला.

"इनामदार बाई," ते म्हणाले, "प्रवाळांनी आता स्वयंपाकही सुरू केला का?"

"सर, ही मूळ प्रत आहे. माझ्या घरी कधी आलीच नाही. कपाटाची किल्ली तुमच्याकडे असते."

"म्हणजे कुकर मी लावला, असं आपलं म्हणणं."

"माझं काहीच म्हणणं नाही! मला कळत नाहीये, एवढंच म्हणतेय."

"मग कापा. तेवढी दोन मिनिटं उडवा आणि विषय संपवा."

"कापलं तर तो पुरावा राहत नाही. उद्या ते विचारतील, आणखी काय काय कापलंत?"

"आणि नाही कापलं तर तो विनोद होतो. कंपनीचा वकील हे एकदा ऐकवील आणि सभागृह चहापर्यंत हसेल. निवडा." त्यांनी कार्ड पाकिटात घातलं. मग जरा वेळानं, तिच्याकडे न बघता विचारलं, "खोकणारे गृहस्थ कोण?"

"माझे वडील."

कपाटाला कुलूप लावून दिगंबर साठ्यांनी ते दोनदा ओढून पाहिलं. "त्यांना औषध द्या," ते म्हणाले.

४

बुधवारी तिनं हेडफोनला हात लावला नाही. दार लावून ती निवेदन लिहीत बसली. चौथ्यांदा तेच वाक्य खोडत होती, तेव्हा स्वयंपाकघरातून कुकरची शिट्टी आली.

तिनं मान वर केली. भिंतीवरच्या घड्याळात तीन चाळीस झाले होते.

दुसरी शिट्टी. मग मोठा खंड. मग तिसरी, शेवटी जराशी चिरकलेली. फरशीवर खुर्ची सरकली. अब्बा दोनदा खोकले आणि म्हणाले, "या अल्ला."

मेहजबीन पेन धरून तशीच बसून राहिली. तिनं घड्याळ लावून मोजलं नव्हतं, पण मोजायची गरज नव्हती. दोन वर्षं तिनं ऐकण्यापलीकडे काही केलं नव्हतं. दोन शिट्ट्यांमधला तो खंड तिला पाठ होता.

अब्बा ओट्याशी खुर्ची घेऊन बसले होते, कपाळावर घाम. "तुला हाक मारली नाही," ते म्हणाले. "म्हटलं पोरगी रोज थकून येते, आज वरण आपण लावू. त्या खालच्या उल्काताईंना सगळं विचारून घेतलं. शहात्तराव्या वर्षी अक्कल आली म्हण."

"आज पहिल्यांदाच लावलात?"

"अगदी पहिल्यांदा. का गं, जळकट वास येतोय का?"

वरणात मीठ दुप्पट होतं. तिनं ते सगळं खाल्लं. डोक्यात एकच वाद चालू होता. कुकर सगळ्यांच्याच घरी वाजतो, खुर्च्या सगळ्यांच्याच सरकतात. योगायोग. पण फेब्रुवारीत समुद्राखाली सरकलेली खुर्ची नोव्हेंबरात येरवड्यात सरकते, याला योगायोग म्हणणं हाही एक प्रकारचा अडाणीपणाच होता, आणि ते तिचं तिलाच कळत होतं. त्याचाच जास्त संताप येत होता.

संध्याकाळी तिनं उरलेल्या सगळ्या फायली तीन चाळीसला उघडून पाहिल्या. एकोणनव्वद फायली. दोनच ठिकाणी तडतड थांबली होती.

मार्चमधल्या फाइलीत दाराची घंटा होती. मग खालच्या मजल्यावरच्या उल्काताईंचा आवाज, "आहात ना घरी?" आणि काच फुटल्याचा आवाज.

दुसरी फाइल एप्रिलमधली, शेवटची. तिच्यात अब्बा हाक मारत होते.

"मेहजबीन."

पहिली हाक नेहमीचीच, बाहेरच्या खोलीतून मारतात तशी. दुसरी जरा मोठ्यानं. पाचव्या हाकेला आवाज कापरा झाला. सहावी खालून आली, माणूस जमिनीवर बसला असावा तशी. सातवी जेमतेम ऐकू आली. उत्तर कोणीच दिलं नाही. मग तडतड पुन्हा सुरू झाली, आणि ती पहिल्या वर्षासारखी होती. दाट, भरगच्च, खुशीत.

५

गुरुवारी कॉलेजातून आल्या आल्या तिनं घरातली काचेची प्रत्येक वस्तू कपाटात ठेवली. पेले, बरण्या, अब्बांचा चष्मासुद्धा त्यांच्या नाकावरून काढून घेतला.

"बेटा, मला दिसत नाही त्याशिवाय."

"अर्धा तास नका बघू कुठे."

तीन चाळीसला घंटा वाजली. मेहजबीन हलली नाही. दार उघडलंच नाही तर काही होणार नाही, असा तिचा हिशेब होता. पण अब्बा चाचपडत गेले आणि त्यांनी दार उघडलं.

"आहात ना घरी?" उल्काताई म्हणाल्या. बँकेतून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या बाई. कालच्या वरणाची चौकशी करायला आल्या होत्या, आणि हातात लिंबाच्या लोणच्याची बरणी होती. उंबऱ्याला पाय अडला.

काचा आणि लोणचं गोळा करताना मेहजबीनच्या बोटाला लागलं. उल्काताई पुन्हा पुन्हा माफी मागत होत्या आणि ती "अहो राहू द्या, राहू द्या" म्हणत होती. बुधवार झाला होता. गुरुवार झाला होता. आता एकच फाइल उरली होती.

तिनं दिगंबर साठ्यांना फोन लावला. "सर, उद्या माझ्याऐवजी तुम्ही मांडाल का? दुपारी मला घरी थांबायला हवं."

"बाई, मी उभा राहिलो तर दुसऱ्या मिनिटाला भांडण होईल आणि चारशेऐवजी आठशे माणसांना परवानगी मिळेल. माझी ख्याती आपल्याला ठाऊक आहे. काय अडचण आहे?"

ती अडचण पुण्यातल्या कुठल्याही माणसाला सांगता येण्याजोगी नव्हती.

रात्रीचं जेवण होईपर्यंत ती चिडचिडत राहिली. घरी थांबावं तर खडक जातो. जावं तर अब्बा रिकाम्या घरात हाका मारतात. मग भांडी घासताना तिला सुचलं, आणि इतका वेळ हे सुचलं नाही म्हणून ती स्वतःवरच चिडली. घरात अब्बा नसलेच, तर हाक मारणार कोण?

"अब्बा, उद्या माझ्याबरोबर सुनावणीला याल?"

रहीमभाईंचा चेहरा उजळला. "तू बोलणार आहेस? मग इस्त्रीचा कुर्ता काढतो."

६

सभागृह कॅम्पात होतं, वातानुकूलित आणि गोठवणारं. अब्बांना तिनं शेवटच्या रांगेत, दाराजवळच्या खुर्चीवर बसवलं आणि खांद्यावर शाल नीट पांघरून दिली. "इथून उठायचं नाही. काही झालं तरी."

"मी काय लहान आहे?" म्हणत ते ऐटीत बसले.

आधी कंपनीनं चित्रफीत दाखवली. निळं पाणी, काचेच्या शिरस्त्राणातली हसरी कुटुंबं, माशांना पाव भरवणारे हात. ते पाणी बोडक्या खडकाचं नव्हतंच, ते कुठल्यातरी परदेशी समुद्राचं होतं. मेहजबीननं हात वर करून तसं सांगितलं. "आपली वेळ येईल तेव्हा बोला," अध्यक्ष म्हणाले. तिची वेळ आली तेव्हा वीस मिनिटांची अकरा झाली होती.

तिनं पहिल्या वर्षाचा आवाज लावला. तडतड सभागृहभर पसरली. दोघातिघांनी फोनमधून डोकं वर काढलं. मग तिनं पडद्यावर आलेख आणला, त्यासाठी कोणीतरी दिवे घालवले, आणि तिनं शेवटच्या हंगामातला आवाज लावला.

सभागृहात शांतता पसरली.

"आवाज बंद पडला का?" अंधारातून एक सदस्य म्हणाले. "अहो, स्पीकर गेलाय बहुतेक. बघा जरा कोणीतरी."

"स्पीकर चांगला आहे," मेहजबीन म्हणाली. "खडक गेलाय."

कोणीतरी जांभई दिली. भिंतीवरच्या घड्याळाचे हिरवे आकडे तीन चाळीस दाखवत होते. तिनं शेवटच्या रांगेकडे पाहिलं. पडद्याच्या अपुऱ्या उजेडात शाल दिसत नव्हती, खुर्चीही दिसत नव्हती. ती बोलत राहिली. काय बोलली ते तिला नंतर आठवलं नाही. कान मागच्या दाराकडे लागले होते. हाक आली नाही. पावणेचार वाजून गेले, दिवे लागले, आणि शेवटच्या रांगेत अब्बा होते. ताठ बसलेले, शाल कपाळापर्यंत ओढलेली, हात गुडघ्यांवर.

तिनं श्वास सोडला.

"आपण कष्ट घेतलेत, त्याबद्दल आभार," अध्यक्ष फाइल मिटत म्हणाले. "या प्रकल्पाला तत्त्वतः मान्यता मागच्या आठवड्यातच देण्यात आलेली आहे. आजची सुनावणी नोंदीसाठी होती."

"मग आम्हाला बोलावलंत कशाला?"

"नोंदीसाठी," ते पुन्हा म्हणाले आणि चहा आला.

७

रिक्षात ती बोलत सुटली. वाडिया कॉलेजपासून बंडगार्डनच्या पुलापर्यंत ती एकटीच बोलत होती. दोन वर्षं, एकोणनव्वद फायली, आणि यांनी मान्यता आधीच देऊन टाकलेली. यांना ऐकायचंच नव्हतं. कोणालाच कधी काही ऐकायचं नसतं. अब्बांनी तिचा हात हातात घेतला होता आणि ते मान डोलवत होते. एरवी त्यांनी एव्हाना तीनदा मध्येच तोडून समजूत घातली असती, पण तिला बोलूनच घ्यायचं होतं, म्हणून ते गप्प आहेत याचं तिला बरंच वाटलं.

जिना चढतानाही तिचं चालूच होतं. दोन मजले झाले. उल्काताईंचं दार उघडं होतं आणि त्या चौकटीत उभ्या होत्या, चेहरा ओढलेला.

"मेहजबीन, आलीस का बाई! अगं दुपारी केवढ्यानं हाका मारत होते तुझे वडील. पावणेचारच्या आसपास. मी वर पळत गेले, तर बाहेरून तुमचं कुलूप. म्हटलं, आत कोंडून कशी गेली ही मुलगी? तुला फोन केले, बंद. मग आवाजच बंद झाला, आणि मला काही..."

त्यांची नजर मेहजबीनच्या मागे गेली. वाक्य अर्धंच राहिलं.

"हे तर तुझ्याबरोबरच आहेत," त्या म्हणाल्या. मग एक पाऊल मागे सरल्या आणि त्यांनी दार लावून घेतलं. आतून कडी सरकल्याचा आवाज आला.

मेहजबीननं मागे वळून पाहिलं नाही. ती शेवटचा मजला चढली. आता तिला एक एक गोष्ट ऐकू येऊ लागली, म्हणजे ऐकू न येणारी एक एक गोष्ट. अब्बांना पहिल्या मजल्यावर दम लागायचा, तिथं ते कठड्याला टेकायचे. आज ते टेकले नव्हते. सकाळपासून त्यांना खोकल्याची उबळ होती. सभागृहातून निघाल्यापासून ते एकदाही खोकले नव्हते. तिच्या मागच्या पायरीवर पाऊल पडत होतं, पण श्वास नव्हता.

दाराला कुलूप तसंच होतं. तिनं उजव्या हातानं पर्समधून किल्ली काढली.

"मेहजबीन," आतून अब्बा म्हणाले.

आवाज दाराच्या अगदी तळाशी होता, फरशीला टेकलेल्या माणसाचा. थकलेला. फाइलीत सात हाका होत्या. ही आठवी होती.

तिचा डावा हात अजून त्या हातात होता. रिक्षात बसल्यापासून तो तिथंच होता आणि बोलण्याच्या भरात तिनं त्याकडे लक्ष दिलं नव्हतं. आता दिलं. तो हात गार होता, ओलसर होता, आणि दगडासारखा खरखरीत होता. तळव्यावर बारीक बारीक छिद्रं होती. तिच्या कातडीला टेकून ती उघडत होती, मिटत होती, पुन्हा उघडत होती.

ती दाराकडेच बघत राहिली. डावीकडे बघायचं नाही, एवढंच तिला सुचत होतं. किल्ली कुलपात गेली. फिरली.

"आले अब्बा," ती दाराला तोंड लावून म्हणाली, आणि डावा हात सोडवायला तिनं जोरात ओढला.

तो सुटला नाही.